सरांना हरवलं की

वजीर होऊ घातलेलं प्यादं पुढे ढकलायचं सोडून मुंगीनं राजा एक घर मागे घेतला, आणि दोरीशी उभ्या असलेल्या सरांच्या पेल्यातला चहा त्यांच्याच शर्टावर सांडला.

दोरी सुती होती, दोन खुर्च्यांच्या पाठींना बांधलेली. तिच्या एका बाजूला मुलं आणि पट, दुसऱ्या बाजूला आईबाप आणि त्यांचे प्रशिक्षक. दोरी ओलांडायची नाही, बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, खोकायचं असेल तर बाहेर जाऊन खोकायचं. सर अर्ध्या आयुष्यापासून अशा दोऱ्यांना पोट टेकवून उभे राहत आले होते. पोट अलीकडचं, दोरी जुनीच.

पटावर फारसं काही उरलं नव्हतं. दोघांचे राजे, दोघांचा एकेक हत्ती, आणि मुंगीचं ते प्यादं. क्लासमधलं कुठलंही पोर झोपेतून उठवून बसवलं असतं तरी इथून जिंकलं असतं. समोरचा मुलगा मघापासून रडवेला झाला होता. राजा मागे गेलेला पाहून तो ताठ बसला. थोड्या वेळानं दोघांनी हात मिळवले. पंच आले, अर्धा-अर्धा गुण लिहून गेले.

"तुमची का ती?" शेजारच्या एका वडिलांनी हळहळून विचारलं. "शेवटाला कच्ची दिसते."

"शेवटाला कच्ची आहे," सर म्हणाले. हे वाक्य ते वर्षभर म्हणत होते.

मुंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. क्लासमध्ये आली त्याच आठवड्यात पोरांनी ठेवलं. वयाच्या मानानं लहानखुरी, बोलणं बेतास बात, आणि प्यादी अशी एकामागे एक सरकवत आणायची की चावा बसल्यावरच समोरच्याला कळावं. स्पर्धेला ती सरांबरोबरच यायची. वडील लांबच्या गाड्यांवर ड्रायव्हर, महिन्यातून दोन-चार दिवस घरी. आईला दिवसभर घर सोडता येत नसे.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. मांडीवर तिसऱ्या क्रमांकाचा कप.

"काय झालं गं?"

"घाई झाली."

"घड्याळात चिक्कार वेळ होता तुझ्या."

"मग कंटाळा आला असेल," मुंगी म्हणाली, जणू दुसऱ्या कुणाबद्दल अंदाज करत होती.

"जिंकली असतीस तर पहिली आली असतीस."

"तिसरा पण चांगला असतो, सर. छोटा असतो, पुसायला सोपा."

सरांना हसू आलं, आणि मग हसल्याचा राग आला. त्यांनी शर्टावरचा डाग रुमालानं चोळला, त्यामुळे तो आणखी पसरला.

सरांच्या क्लासला एकच नियम होता, आणि तो सरांनीच केलेला होता. ज्या मुलानं पटावर सरांना मात केली, त्यानं दुसऱ्या दिवसापासून इथे यायचं बंद करायचं. घड्याळावर जिंकलेला डाव धरायचा नाही. सरांनी कंटाळून सोडून दिलेलाही धरायचा नाही. फक्त मात. मग सर इस्त्रीचा शर्ट घालून त्या मुलाच्या घरी जात आणि सांगत, माझ्याकडचं संपलं, आता पुढे पाठवा. पुढे म्हणजे नदीपलीकडची मोठी अकादमी. कुणी आईबाप म्हणालेच की राहू दे ना सर तुमच्याकडेच आणखी वर्षभर, की सर म्हणत, "संपलेली ट्यूब किती दाबायची? दात तुमच्या पोराचे खराब होतील."

याला क्लासमध्ये 'पार होणं' म्हणत. पार झालेल्याला सर आपल्या जुन्या लाकडी संचातलं एक प्यादं देत. त्यामुळे त्या संचात आता प्याद्यांच्या जागी बरीचशी दोऱ्याची रिकामी रिळं उभी असत. रिळं काकूंची, म्हणजे सरांच्या बायकोची. मागच्या खोलीत तिचं शिवणाचं मशीन चाले, पुढच्या खोलीत क्लास, मध्ये एक जाड पडदा.

आपलं काम लिफ्ट चालवणाऱ्यासारखं आहे, असं सर कधीकधी म्हणत. लोकांना वर सोडायचं, दार लावायचं, परत खाली यायचं. हे सांगताना ते हसत. ऐकणाऱ्यानं मात्र हसायचं की नाही, हे पटकन ठरत नसे.

सोमवारी सकाळी फोन आला.

"सर, लंब्या बोलतोय."

लंब्या म्हणजे आता अकादमीचे मोठे सर. सरांच्या हातून सगळ्यात आधी पार झालेलं पोर. त्याच्या अकादमीत तो आत आला की मुलं उभी राहत, पण सरांना फोन करताना तो अजून लंब्याच असे.

"ती तुमची मुंगी. किती दिवस दाबून ठेवणार?"

"मी कुठे दाबतोय? पार होऊ दे की. मात करावी लागते बाबा."

"सर, संघाच्या निवडीला तिचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी वयोगट बदलला की समोर ताडमाड पोरं बसतील. महिनाअखेरपर्यंत मी जागा धरून ठेवतो. आठवड्याचे पाच दिवस आमची गाडी दारातून नेते, दारात सोडते. आईबापांना जागचं हलायलासुद्धा नको."

"अरे, शेवटाला कच्ची आहे ती."

लंब्या म्हणाला, "तिचे बरोबरीत सुटलेले डाव एकदा मांडून बघा, सर. एकापाठोपाठ एक."

तिचे डाव सरांना तोंडपाठ होते. चहा घेऊन ते पटाशी बसले आणि एकेक मांडत गेले. आधी ते चुका शोधत होते. दुसऱ्या डावाच्या मध्यात त्यांनी कप खाली ठेवला. तिथे मुंगीला जिंकायच्या चार वाटा होत्या, हरायच्या सहा-सात. बरोबरीकडे नेणारी चाल एकच, आणि तीही इतकी आडवळणाची की सरांना ती मागाहून, उत्तर माहीत असूनसुद्धा, पटकन पटेना. मुंगीनं ती समोर घड्याळ चालू असताना शोधली होती. तिसऱ्या डावात तेच. चौथ्यातही तेच. चुकणारं मूल कुठेही चुकतं. हे पोर दर वेळी नेमक्या त्याच घरावर चुकत होतं जिथून ना हरता येतं ना जिंकता येतं.

आणि क्लासमधले, स्वतः सरांशी खेळलेले डाव? सरांनी तेही मांडले. सगळे बरोबरीत. मुंगी सरांकडून कधी हरली नव्हती, हे त्यांना अभिमानानं ठाऊक होतं. तिनं त्यांना कितीदा सोडून दिलं होतं, हे आज दिसलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. छाती भरून आली होती.

"पोरीला जायचंच नाहीये," दुपारी मटार सोलताना ते बायकोला म्हणाले. आवाज साधा ठेवायचा त्यांचा प्रयत्न होता. "मुद्दाम जिंकत नाही ती. मला सोडून जायचं नाहीये तिला."

काकूंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"तुम्हाला?"

"का? त्यात काय?"

"काही नाही. शर्ट बदला तेवढा, चहाचा डाग तसाच आहे." त्यांनी दोन-तीन शेंगा सोलल्या. मग राहवलं नाही. "अहो, तुमच्यासाठी कोण कशाला थांबतंय? आईसाठी थांबलीय ती. आईच्या झोपेसाठी."

"झोपेसाठी?"

"क्लासच्या दिवशी तिची आई तिला घेऊन येते की नाही? पडद्यामागे माझ्याजवळ बसते, असं तुम्हाला वाटतं. बसत नाही, झोपते. पहिल्या दिवशी समोर खुर्चीत बसली, आणि मी सुईत दोरा ओवेपर्यंत मान टाकली होती. आता कोपऱ्यात गादीच घालून ठेवते मी. मशीनच्या खडखडाटात झोपते बाई, मेल्यासारखी. घरी सासरे अंथरुणाला खिळलेत. रात्रभर हाका मारतात. कूस बदलून द्या, दिवा लावा, दिवा घालवा, माझी काठी कुठंय. चालता येत नाही आणि काठी हवी. हिची झोप म्हणजे तुमच्या क्लासचे दोन तास. आठवड्यातून तीनदा."

"मुंगीनं सांगितलं तुला हे?"

"ती कशाला सांगेल? तिचं तोंड उघडतं का कधी? पण बघते ना मी. डाव संपला की पोरगी पडदा सारून आत डोकावते. आई झोपलेली असेल तर परत जाऊन बसते, आई उठलेली असेल तर चप्पल घालते. तुम्हाला वाटतं, तिला खेळाची हौस आहे म्हणून उशिरापर्यंत बसते."

सरांनी एक शेंग सोलली आणि दाणे कचऱ्यात टाकून साल पातेल्यात टाकलं. काकूंनी ते न बोलता उचललं.

"मग तिला तशीच येऊ दे की," थोड्या वेळानं सर म्हणाले. "मुंगी तिकडे गाडीनं जाईल, आई इकडे येईल. आपल्याला काय जड आहे?"

"आणि घरी काय सांगेल? तेवढ्या वेळापुरती नणंद येऊन बसते बापाजवळ, ती भाचीच्या क्लाससाठी. भाची कप आणते, चार लोकांत सांगायला बरं वाटतं. भावजय झोपायला जातेय म्हटल्यावर येईल का ती? क्लासला नेणं चालतं हो. झोपायला जाणं चालत नाही."

"मग ती नणंदच जरा रात्री..."

"सांगून बघा तुम्ही," काकू म्हणाल्या. "मी मटार बघते."

पुढच्या क्लासला सरांनी ठरवलं होतं की आईशी सरळ बोलायचं. तुमची मुलगी तयार आहे, कधीचीच तयार आहे, हे वाक्य त्यांनी दाढी करताना दोनदा म्हणून पाहिलं होतं. मुलं गेल्यावर ते पडद्याशी उभे राहिले आणि खाकरले.

मुंगीची आई उठून बसली होती. गालावर उशीच्या शिवणीची लांब खूण उमटलेली. सरांना पाहताच तिनं पदर सारखा केला.

"सर! काही चुकलं का तिचं?"

"छे, छे. तिचं काय चुकणार?" सर म्हणाले. "अकादमीतून फोन आला होता."

"हो, म्हणाली ती मला त्यांचं. सरांना हरवलं की जाईन म्हणते. मी म्हटलं, सर सांगतील तेव्हा. तुम्ही म्हणाल तसं, सर. मला काय कळतंय यातलं? घोडा कसा चालतो ते तिनं मला इतक्यांदा सांगितलं, मी आपली हो हो म्हणते." ती केस बांधता बांधता काकूंकडे वळली. "आज काय छान डोळा लागला हो, ताई. स्वप्नसुद्धा पडलं."

"कसलं?" काकूंनी विचारलं.

"कसलं नाही. झोपले होते स्वप्नात." तिचं तिलाच हसू आलं. "चांगली पांघरूण घेऊन."

काकूही हसल्या. सर दाराच्या चौकटीवर नखानं रंगाचा पोपडा काढत उभे होते.

"काय म्हणत होता, सर?"

"हेच, की अजून थोडी तयारी व्हायला हवी," सरांनी स्वतःला म्हणताना ऐकलं. "शेवटाला जरा कच्ची आहे."

पडद्याच्या फटीतून मुंगी त्यांच्याकडे बघत होती. नजरेला नजर मिळाली तेव्हा तिनं चप्पल घालायला मान खाली घातली.

स्वतःच्या तोंडानं सांगणं जमलं नाही, हे सरांनी रात्रीपर्यंत स्वतःपाशी कबूल केलं. पण पटानं सांगितलं तर गोष्ट निराळी. मात झाली म्हणजे झाली. मग नियम बोलतो, माणसाला बोलावं लागत नाही. सरांना फक्त हरायचं होतं. आयुष्यभर इतके लोक त्यांना हरवून गेले होते, त्यात एकदा आणखी हरणं काय अवघड?

पुढच्या क्लासला त्यांनी मुंगीला समोर बसवलं आणि दहा-बारा चालींतच आपला वजीर तिच्या उंटाच्या तोंडात ठेवला.

मुंगीचे हात मांड्यांखाली होते. ही सवय सरांनीच लावलेली: आधी बघायचं, मग हात बाहेर काढायचा.

"सर, वजीर," ती म्हणाली.

"ठेवला म्हणजे ठेवला. खेळ तू."

"परत घ्या ना. चालेल मला."

"मुंगे, घे की वजीर!" शेजारच्या पटावरचं पोर ओरडलं. "आंधळी आहेस का?"

"तू तुझा पट बघ," मुंगीनं त्याला सांगितलं, आणि उंट दुसरीकडेच नेला. सरांनी वजीर आणखी पुढे, तिच्या प्याद्याच्या माऱ्यात नेला. तिनं प्यादं हलवलंच नाही. मग सर आपला राजाच घेऊन पटाच्या मध्यावर आले, भर बाजारात एकटाच निघालेल्या म्हाताऱ्यासारखे. मुंगीनं त्याला एका बाजूनं शह दिला, मग दुसऱ्या बाजूनं, मग पुन्हा पहिल्या. तीच चाल तिसऱ्यांदा आली तेव्हा तिनं हात पुढे केला.

"बरोबरी, सर."

सरांना तिचा हात हातात घ्यावा लागला. हात लहान होता आणि कोरडा, अजिबात घाम नसलेला.

असे तीन डाव झाले. सर घर पेटवून द्यायला निघत आणि मुंगी शांतपणे मागून पाणी ओतत येई. चौथ्या वेळी काकू पडद्याआडून म्हणाल्या, "अहो, इतकं वाईट तुम्ही खरोखर खेळायला लागलात की काय?" आणि पोरं फिदीफिदी हसली. मुंगी हसली नाही. तिनं फक्त एकदा पडद्याकडे पाहून तोंडावर बोट ठेवलं, आणि पोरं हळू झाली.

महिना संपायला आला होता. लंब्याचा आणखी एक फोन येऊन गेला.

तरुणपणी सरांना एक निरुपयोगी नाद होता. कोड्यांच्या मासिकांत क्वचित उलटी कोडी येत: समोरच्याला मात करायची नाही, त्यालाच आपल्यावर मात करायला भाग पाडायचं. त्याची इच्छा असो वा नसो, त्याच्याकडे दुसरी चालच उरू द्यायची नाही. स्पर्धेत याचा काडीचा उपयोग नाही. जिंकायला बसलेला माणूस असलं कशाला करील? सर मात्र तासन्‌तास ती सोडवत. पुढे संसार आला, क्लास आला, नाद सुटला. आता ते पुन्हा पटाशी बसले. जेवताना मिठाची बाटली आणि वाट्या सरकवत बसले. काकूंनी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, मग वाटी काढून घेतली.

महिन्यातल्या शेवटच्या क्लासला त्यांनी बाकीच्या मुलांना लवकर सोडलं. मुंगीची आई आत झोपली होती. आज मशीनही बंद होतं. काकू हातशिलाई करत होत्या.

सरांनी पांढरे मोहरे घेतले आणि आयुष्यात कधी खेळले नव्हते इतकं चांगलं खेळले. काही फुकट द्यायचं नाही, काही अदलाबदल करायची नाही. मुंगीला पट मोकळा करून बरोबरी हवी असे. त्यांनी पट मोकळा होऊच दिला नाही. तिची प्यादी एकेक करून अडवली. तिचा घोडा कोंडला. तिचा एक हत्ती खिळवून ठेवला, दुसरा घेतला. स्वतःचा राजा त्यांनी कोपऱ्यात नेला आणि त्याच्या बाजूला आपलाच उंट, पुढे आपलंच प्यादं म्हणजे एक निळं रीळ, असा बसवला की त्याला श्वास घ्यायला एक फट तेवढी राहावी. सरांच्या कपाळावर घाम आला. बाहेर कुणाची तरी सायकल पडली, उचलली गेली. त्यांना ऐकू आलं नाही. शेवटी पटावर मुंगीचं हलू शकणारं असं राजा आणि एक उंट एवढंच उरलं.

मग सरांनी हत्ती उचलला आणि तिच्या राजाला शह दिला.

त्यांनी पुन्हा तपासलं. राजाला हलायला घर नाही. मध्ये घालायला काही नाही. हत्ती मारायचा तर फक्त उंटानं, आणि मारावाच लागणार. उंट तिथे आला की त्याची तिरकी नजर सरळ कोपऱ्यातल्या सरांच्या राजावर, आणि ती एकुलती एक फटही बंद. मात. तिची एकच चाल, आणि तीच मात.

सर मागे रेलून बसले. हा डाव लंब्याला दाखवावा असं त्यांना वाटलं, आणि दाखवता येणार नाही हेही लगेच कळलं.

मुंगीनं पटाकडे पाहिलं. फार वेळ नाही. मांडीखालून एक हात काढला, स्वतःचा राजा आडवा केला, आणि तो घरंगळून आवाज होऊ नये म्हणून बोटानं धरून ठेवला.

"हरले, सर," ती कुजबुजली.

"अगं, मात आहे ही! तू करतेयस मात. मला." सरही नकळत कुजबुजतच होते.

"हो."

"एकच चाल आहे तुला. दुसरी चालच नाही."

"आहे ना. डाव सोडता येतो."

सगळी कोडी सरांनी मासिकांतून सोडवली होती. मासिकात समोर कुणी बसलेलं नसतं.

"तुला कधी दिसलं हे?"

"तुम्ही घोडा त्या बाजूला नेलात ना, तेव्हा."

सरांनी मनात मागे मोजत नेलं. घोडा नेला तेव्हा त्यांना स्वतःलाही पुरतं दिसलं नव्हतं. त्यांनी तो अंदाजानं नेला होता.

"मग तेव्हाच का नाही मोडलंस?"

मुंगी जरा लाजली. राजाची टोपी नखानं कुरतडत म्हणाली, "तुम्हाला जमतंय का ते बघायचं होतं." आणि मग, त्यांना वाईट वाटायला नको म्हणून, "मस्त जमलं पण."

पडद्यामागे गादीवर कूस बदलल्याचा आवाज झाला. दोघंही थांबले. एक लांब श्वास, मग पुन्हा सगळं शांत. काकूंनी दोरा दातानं तोडला.

सर आडव्या राजाकडे बघत राहिले. तिच्याशी बोलायला हवं होतं. निवडीबद्दल, वयाबद्दल, एकदा गेलेलं वर्ष परत येत नाही त्याबद्दल. असं ते पूर्वी कितीतरी मुलांशी बोलले होते, आणि चांगलं बोलले होते.

"आजोबा कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

का विचारलं ते तोंडातून शब्द गेल्यावर त्यांना कळलं. तिलाही कळलं असावं, कारण उत्तराला तिला वेळ लागला. पटावर एवढा वेळ तिला कधी लागत नसे.

"बरे आहेत," मुंगी म्हणाली. "काल डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, हृदय एकदम ठणठणीत आहे. अजून खूप वर्षं काही होत नाही."

"अरे वा," सर म्हणाले.

"हो ना," मुंगी म्हणाली, आणि पट अलगद फिरवून पांढरे मोहरे आपल्याकडे घेतले.